शेला पांघरलेला सर्व्हर

कूलर या वस्तूबद्दल माझ्या मनात कसलाही आकस नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी नागपूरचा माणूस आहे. कूलरसमोर लहानाचा मोठा झालो. टाकीत पाणी कोणी भरायचं यावरून माझी आणि बायकोची दर मे महिन्यात भांडणं होतात, आणि ओल्या खसाचा म्हणजे वाळ्याचा वास आला की अजूनही मला दुपारची झोप येते. पण कूलरची जागा खिडकीत असते हो, सर्व्हरच्या खोलीत नसते. एवढी साधी गोष्ट रामाजींना पटली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

रामाजी हे आमच्या शिक्षण संस्थेचे सचिव. संत्र्यांचा पिढीजात व्यापार, मन मोठं, आवाज त्याहून मोठा. आणि मी विश्वनाथ पांढरीपांडे, संस्थेच्या पॉलिटेक्निकमध्ये संगणक विभागाचा प्रमुख. विभागात मला धरून माणसं दोन, पण प्रमुख तो प्रमुख. दाराबाहेर तशी पाटी आहे.

तर एप्रिलच्या शेवटी सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला. दुरुस्तीला तीन कोटेशनं लागतात. दोन आली. तिसरा मेकॅनिक म्हणाला, "लिखापढी माझ्याच्यानं होत नाही, सांगत असाल तर येऊन दुरुस्तच करून देतो." दुरुस्ती चालत नव्हती, कोटेशन पाहिजे होतं. फाइल तिथंच अडली. मी ओला रुमाल मानेवर टाकून सर्व्हरशेजारी उभा असताना रामाजींनी मला पाहिलं, त्यांना कणव आली, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतून त्यांच्या घरचा कूलर उतरला. नवा खस लावून आणला होता.

"रामाजी," मी म्हटलं, "मशीनला थंड हवा लागते हे खरं, पण कोरडी लागते."

"हवा म्हणजे हवा, पांढरीपांडे. माणसाले जमते, गाईले जमते, मशीनले काहून नाही जमणार? आमच्या गोठ्यात दोन लावले. दूध वाढलं!"

आता सर्व्हर दूध देत नाही हे संस्थेच्या सचिवांना कोणत्या तोंडानं सांगायचं? मी गप्प बसलो, कूलर बसला. शुक्रवारी सकाळी पंपाची नळी निसटली आणि पंख्यानं ते सगळं पाणी इमानेइतबारे सर्व्हरच्या तोंडावर उडवलं. मी दार उघडलं तेव्हा खोलीत काश्मीर झालं होतं, खसाचा घमघमाट सुटला होता आणि सर्व्हर मेला होता.

लोक मला विचारतात, बॅकअप नव्हता का? होता! रोज घेत होतो. त्याची डिस्क ठेवायला दुसऱ्या खोलीत एक कपाट मागितलं होतं. कपाटालाही तीन कोटेशनं. तोवर डिस्क सर्व्हरच्याच डोक्यावर होती, त्यामुळे दोघांची आंघोळ एकत्रच झाली.

हा सर्व्हर काय करायचा ते सांगतो, म्हणजे माझं दुःख कळेल. लग्नाच्या हॉलच्या दारात एक मामा उभा असतो बघा, ज्याला दोन्हीकडचं कूळ तोंडपाठ असतं. हे आपले, येऊ द्या. हे व्याही, पुढच्या सोफ्यावर बसवा. हे कोण? यांना कोणी बोलावलं? आमचा डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे तो मामा. संस्थेत माणूस कोण, त्याचा पासवर्ड काय, त्याला कोणत्या खोलीतल्या कोणत्या फाइलला हात लावू द्यायचा, हे सगळं त्याला माहीत. या सगळ्या गोतावळ्याला आमच्या भाषेत डोमेन म्हणतात. मामा चक्कर येऊन पडला तर आत पंगत वाढलेली असते, मठ्ठा तयार असतो, पण पाहुणे दारातच ताटकळतात. आमच्याकडे तेच झालं. मार्कांच्या, फीच्या, विद्यार्थ्यांच्या सगळ्या फाइली दुसऱ्या मशीनवर सुखरूप होत्या, पण त्या उघडायला कोणाला ओळखच दाखवता येईना.

आणि सोमवारी मुलांना परीक्षेची हॉल तिकिटं द्यायची होती.

रामाजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. कूलरचा विषय निघेल म्हणून मी मनातल्या मनात वाक्यं जुळवून गेलो होतो. तो निघाला नाही.

"पुण्याहून इंजिनीअर बोलावला आहे," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी येऊन राहिला. त्याच्या कंपनीलेच देऊन टाकतो सगळं काम, दरवर्षीचं. विभागच ठेवत नाही आता."

"आणि मी?"

"तुमाले काढतो काय बापा! स्कूल बसेसले माणूस पायजेच आहे. डिझेल, टायर, ड्रायव्हरच्या सुट्ट्या. मोठं डिपार्टमेंट आहे ते."

बस विभाग! ज्या माणसानं या संस्थेत पहिली वायर ओढली, ज्यानं डोमेनला नाव दिलं, त्यानं टायर मोजायचे? माझे कान तापले. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "इंजिनीअर पोहोचायच्या आधी डोमेन सुरू झालेलं असेल."

"झालं तं पाटी तुमची, खुर्ची तुमची," रामाजी म्हणाले. "वरून सगळ्या स्टाफसमोर शाल-श्रीफळ देईन. नाही झालं तं बस."

मी एवढ्या ऐटीत बोललो त्याला कारण होतं. माझ्याकडे दुसरा मामा होता. आमच्या संस्थेची एक शाखा रामटेकला आहे, आणि तिथं मी पूर्वीच एक जोड सर्व्हर बसवून ठेवला होता. नागपूरच्या सर्व्हरला जे जे ठाऊक, ते ते आपोआप त्याला ठाऊक. एक गेला तर दुसरा उभा राहतो. ही दूरदृष्टी कोणाची? माझी. पहिला गेल्यावर दुसऱ्यानं लगेच दार सांभाळायला हवं होतं, ते त्यानं का सांभाळलं नाही, एवढा एक प्रश्न होता. तिकडची इंटरनेटची लाइन गेली असेल, असं मी धरून चाललो.

घरी, प्रताप नगरात, बातमी माझ्या आधी पोहोचली होती. फाटकात बायको, म्हणजे मुग्धा, आणि समोरच्या शोभाताई उभ्या. शोभाताईंचे यजमान रुपराव भुसारी आमच्याच संस्थेतून डिसेंबरात हेडक्लर्क म्हणून निवृत्त झाले.

"बसचं काम काही वाईट नाही हो," मुग्धा म्हणाली. "निदान उन्हाळ्यात बसगाड्या बंद असतात."

"माया मावसभाऊ बसवरच होता," शोभाताईंनी धीर दिला. "लय मान होता त्याले. ड्रायव्हर लोक चहा पाजत."

मला चहाचा मान नको होता. मी सांगितलं की उद्या रामटेकला जाऊन सर्व्हर घेऊन येतो. त्यावर शोभाताईंनी एकदम पुढं येऊन आवाज खाली केला.

"मंग यायलेही घेऊन जा ना गा भाऊ. बापा, मी थकली! रिटायर होऊन पाच महिने झाले, अजून रोज धा वाजता डबा घेऊन निघतात. कुठं जाता म्हटलं तं ऑफिसले. बगीच्यात बाकावर बसतात, डबा खातात, पाच वाजता घरी येतात. काहून म्हणून विचारलं तं म्हणतात, मले कोणी जा म्हटलंच नाही."

यातही तथ्य होतं. रुपरावजींचा निरोप समारंभ ठरला होता डिसेंबरात, आणि डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन असतं. शहरातले हॉल, गाड्या, खुर्च्या, मंडपवाले सगळे अधिवेशनाला लागतात. आमचा हॉलही कोणाच्या तरी मुक्कामाला गेला. समारंभ संक्रांतीनंतर करू म्हणाले, मग परीक्षा आल्या, मग सगळे विसरले. रुपरावजी तेवढे विसरले नाहीत.

शनिवारी सकाळी रुपरावजी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन माझ्या गाडीत बसले. रस्ताभर मला सल्ला देत होते. "पांढरीपांडेजी, जीव लावून बोलावं मशीनशी. मी माया टाइपरायटरशी बोलत होतो. कधी बिघडला नाही." मी म्हटलं, सर्व्हर वेगळा. ते म्हणाले, "जीव लावणं वेगळं नसते." वाद घालायला गाडीत एसी लागतो, तो माझ्या गाडीत नाही.

रामटेकच्या शाखेचे प्रमुख जितेंद्र. स्वभावानं भाविक आणि टापटिपीचे. त्यांनी आम्हाला थंड पाणी दिलं, गडावर दर्शनाला जाणार का विचारलं. मी म्हटलं, आधी सर्व्हरचं दर्शन. त्यांनी खोली उघडली आणि बाहेर चप्पल काढली.

आत एका चौरंगावर माझा सर्व्हर बसला होता. अंगावर केशरी जरीकाठी शेला. समोर कुंकवाचं बोट. गळ्यात म्हणावं तर गळ्यात, झेंडूची माळ, वाळून तपकिरी पडलेली. वायर नीट गुंडाळून मागं ठेवलेली.

"जितेंद्रराव, हा बंद आहे!"

"हो ना सर. खंडेनवमीपासून."

"खंडेनवमी? ऑक्टोबरातली?"

"पूजा केली ना सर. हत्यारं, अवजारं, सगळी मांडतो आम्ही. प्यूनची सायकल, वर्कशॉपच्या पान्यांचा सेट, अन् हा. पूजेला मांडलेलं हत्यार वापरत नाही. म्हणून व्यवस्थित बंद केला, प्लग काढला."

"अहो, पण दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर चालू करायचा ना! सायकल चालू केलीच असेल!"

"सायकल लागत होती सर," जितेंद्र शांतपणे म्हणाले. "हा बंद केला तरी काही अडलं नाही. सगळं चालूच होतं. मंग कायले उगाच देवाला उठवायचं?"

मी डोकं धरून खाली बसलो. अडलं नाही, कारण नागपूरचा सर्व्हर रामटेकचंही काम ओढत होता! आणि रामटेक बंद आहे हे दाखवणारा पडदा मी मुद्दाम बसवला होता, हिरवे-लाल ठिपके असलेला. पण तो रामाजींना इतका आवडला की त्यांनी तो पाहुण्यांना दाखवायला स्वतःच्या केबिनमध्ये नेला. ऑक्टोबरपासून रामटेकवर लाल ठिपका लागलेला होता. तो गडावरचा दिवा आहे, असं ते पाहुण्यांना सांगत होते.

मी जितेंद्ररावांना काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. शिक्षण संस्थेतली भाषा नव्हती ती. रुपरावजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या गा. पाहा तं खरं, उठते का."

"प्लगशिवाय कुठून उठणार? लावा आधी!" मी म्हटलं.

"इथं लावून जमणार नाही सर," जितेंद्र म्हणाले. "मागल्या मंगळवारी वादळात वीज पडली तारेवर. इतकं व्होल्टेज आलं की काय सांगू. प्रिंटर, पंखे, इन्व्हर्टर, इंटरनेटचा डबा, जे जे प्लगला होतं ते सगळं जळालं. लॅबमधले कॉम्प्युटर गेले. भिंत काळी झाली, पाहा."

मी भिंत पाहिली. प्लगच्या भोवती खरोखर काळा डाग होता. मग मी शेल्यातल्या सर्व्हरकडे पाहिलं. त्याची वायर मागं गुंडाळलेली.

म्हणजे खंडेनवमीला याचा प्लग काढला नसता, तर मंगळवारी हाही त्या जळालेल्यांत गेला असता. विज्ञानाचा पदवीधर आहे मी, संगणक विभागाचा प्रमुख आहे. तरी मी उठलो, मुकाट्यानं दाराबाहेर गेलो आणि चप्पल काढून परत आत आलो.

शेजारच्या घरून वीज घेऊन सर्व्हर सुरू केला. पंखा गुरगुरला, दिवा लागला, आणि पडद्यावर आमच्या डोमेनचं नाव आलं. मी दिलेलं नाव! रुपरावजींनी टाळी वाजवली आणि जितेंद्ररावांनी नारळ फोडायला घेतला, तो मी हातातून काढून घेतला. पाणी उडतं. पुरे झालं पाणी.

परतीच्या वाटेत सर्व्हर मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. लू सुटली होती, धूळ उडत होती, म्हणून शेला अंगावरच राहू दिला. माळही कोणी काढली नाही. शेजारी रुपरावजी एका हातानं त्याला धरून. मनसरच्या पुढं पोलिसांनी गाडी थांबवली. हवालदारानं काचेतून आत पाहिलं, हात जोडले आणि विचारलं, "कुठली मूर्ती?" मी काही बोलायच्या आत रुपरावजी म्हणाले, "रामटेकची." हवालदारानं वाट मोकळी करून दिली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

रविवार. मला वाटलं होतं, सर्व्हर जागेवर ठेवायचा, मेलेल्याचा पत्ता याला द्यायचा आणि वायर जोडायची. पण असं नसतं हो. मेलेल्या सर्व्हरकडे काही पदं असतात, ती त्याच्याकडून काढून जिवंताला द्यावी लागतात. शिस्तीचा मामला असता तर जुना नव्याला रीतसर कार्यभार सोपवतो. इथं कार्यभार सोपवणारा अंगणात वाळत घातलेला. अशा वेळी पदं हिसकावून घ्यावी लागतात, आमच्यात शब्दच तो आहे. उभ्या आयुष्यात मी कोणाचं पद हिसकावलं नाही. त्या दिवशी एकामागून एक सगळी हिसकावली आणि माझा हात थरथरला नाही.

मग ऑफिसातले कॉम्प्युटर रुसले. रामटेकचा सर्व्हर दसऱ्यापर्यंतचंच जग ओळखत होता, आणि कॉम्प्युटर मधल्या काळात पुढं निघून आलेले. प्रत्येकाच्या पडद्यावर तीच ओळ, या संगणकाचं आणि डोमेनचं विश्वासाचं नातं तुटलेलं आहे.

"सर, हे तर आमच्या आत्याच्या घरचं वाटून राहिलं," गुंजन म्हणाली. माझ्या विभागातली दुसरी व्यक्ती म्हणजे ही गुंजन. कामाला वाघीण. रविवार असून आली होती, कारण विभाग गेला तर तीही जाणार होती. आम्ही एकेका कॉम्प्युटरला डोमेनमधून बाहेर काढायचो आणि हाताला धरून परत आत घ्यायचो. रुपरावजी खुर्च्या सरकवत होते, पाणी आणत होते आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या डोक्यावर थोपटत होते.

दुपारी नावांची यादी उघडली आणि मी कपाळाला हात लावला. संस्था दसऱ्यात जाऊन बसली होती! बदलून गेलेले परत आले होते. नवे लागलेले गायब. गुंजनचं लग्न माघात झालं, ती वानखेड्यांची ढोबळे झाली, पण सर्व्हरच्या मते ती अजून कुमारी गुंजन वानखेडे. तेही चाललं असतं, पण नेमक्या त्याच वेळी वसतिगृहाच्या रेक्टर सिंधूताई ढोबळे, म्हणजे गुंजनच्या सासूबाई, तिला डबा घेऊन आल्या आणि त्यांनी पडदा पाहिला.

"हे काय वं? नाव बदललं का परत?"

"आई, मी नाही बदललं. सर्व्हरनं बदललं."

"सर्व्हर कोण ठरवणारा? अहो सर, चारशे पानं वाढली आम्ही लग्नात!"

मी आधी तेवढं एक नाव दुरुस्त केलं, मग बाकीची संस्था. सिंधूताई आडनाव नीट लिहिलं की नाही ते वाचून, डबा ठेवून गेल्या.

एवढं सगळं करूनही माझ्या जिवात जीव नव्हता. मी मालक म्हणून आत जात होतो, ते सर्व्हर ऐकणारच. पण एखादा साधा माणूस, ज्याला मी हात लावलेला नाही, त्याच्या स्वतःच्या पासवर्डनं आत गेला, तर सर्व्हरला जुनं सगळं खरंच आठवतं असं म्हणता येईल. पण दसऱ्याचा पासवर्ड आठवणार कोणाला? दर महिन्याला बदलायचा असा नियम मीच केलेला.

"गुंजन, तुझा?"

"सर, दसऱ्याला माझ्या साखरपुड्याची गडबड चालू होती. पासवर्ड कोणाच्या लक्षात राहते?"

तेवढ्यात मला यादीत काढायचं राहिलेलं एक नाव दिसलं. रुपराव भुसारी, हेडक्लर्क. निवृत्त झाल्यावर मी स्वतः काढलेलं नाव, दसऱ्याबरोबर परत आलेलं. रुपरावजींना पासवर्ड बदलायचा नियम नव्हता. दर महिन्याला ते माझ्या दारात येऊन बसत, म्हणून त्यांच्यापुरता तो नियम मीच काढून टाकला होता.

"रुपरावजी, तुमचा पासवर्ड आठवतो?"

"विसरतो काय! शोभाचं नाव, अन् लग्नाचं साल."

ते त्यांच्या जुन्या टेबलाशी जाऊन बसले. चष्मा पुसला. एका बोटानं एकेक अक्षर शोधून टाइप केलं. मी आणि गुंजन मागं उभे. शेवटची कळ दाबली, गोल चक्र फिरलं, फिरलं, आणि पडद्यावर उमटलं, स्वागत, रुपराव भुसारी.

रुपरावजींनी पडद्याजवळ वाकून स्वतःचं नाव परत वाचलं.

"यानं मले ओळखलं," ते म्हणाले. "पाहा ना पांढरीपांडेजी, ओळखलं यानं मले."

गुंजननं तोंड फिरवलं. माझा ऊर असा भरून आला की काय सांगू. मी एक मेलेलं डोमेन उठवलं होतं! कोणी कंपनी नाही, कोणी पुणं नाही. मी, गुंजन, आणि सात महिने शेला पांघरून बसलेलं ते यंत्र. मी खिडकीशी जाऊन उगाच बाहेर बघत उभा राहिलो.

सोमवारी सकाळी हॉल तिकिटं धडाधड छापून निघायला लागली. खिडकीसमोर मुलांची रांग. आणि खिडकीत कोण? रुपरावजी! इस्त्रीचा शर्ट, शेजारी डबा. "नाव सांग रे पोट्ट्या, जोरात सांग." त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी उठा म्हटलं नाही.

पुण्याचा इंजिनीअर टॅक्सीतून उतरला तेव्हा रामाजी त्याला घेऊन सरळ सर्व्हरच्या खोलीत आले. मागून निम्मा स्टाफ. शेला मी रात्री घडी करून सर्व्हरशेजारच्या स्टुलावर ठेवला होता. तो तरुण माणूस खुर्चीवर बसला, कळा दाबत राहिला, इकडचं तपासलं, तिकडचं तपासलं. मी भिंतीला टेकून उभा. डोळ्यांपुढं टायर येत होते.

"हे कोणी केलं?" त्यानं विचारलं.

"मी."

तो उठून उभा राहिला. "सर, खरं सांगू का? मी नवीन डोमेन उभं करायच्या तयारीनं आलो होतो. आठवडा धरला होता. यात मला करण्यासारखं काही ठेवलंच नाहीये तुम्ही."

रामाजींनी एकदम माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी दोन पावलं पुढं गेलो. "मी म्हणतच होतो, आपला माणूस आहे! काय पांढरीपांडे, बस-बिस सोडा. खुर्ची तुमची, पाटी तुमची!"

म्हणतच होते म्हणे! पण मी मानानं हसलो. जिंकलेल्या माणसानं तेवढं करावं.

"फक्त एक गोष्ट," इंजिनीअर म्हणाला. "एका निवृत्त माणसाचं खातं चालू दिसतंय. आत्ता, या क्षणी, कोणीतरी ते वापरतंय. हे बरोबर नाही. तेवढं काढलंत की मी सगळं व्यवस्थित आहे असं लिहून देतो."

"कोण तो?" रामाजींनी पडद्यात डोकं घातलं. नाव वाचलं. मग सगळ्यांनी काचेतून पलीकडच्या खिडकीकडे पाहिलं. रुपरावजी एका मुलीला तिचं हॉल तिकीट देऊन, चांगली लिही म्हणून सांगत होते.

माझी पाटी आणि मी यांच्यामध्ये एक कळ उरली होती, आणि माझ्यानं ती दाबवेना. रुपरावजींना ते कळलं असावं. ते उठून दारात आले.

"काढा बापा," ते म्हणाले. "नियम तो नियम. मले माहीत आहे, मी हेडक्लर्क होतो. पण लॉग आउट मी माया हातानं करतो. मागच्या वेळी राहून गेलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "रामाजी," मी म्हटलं, "शाल-श्रीफळाचं ठरलं होतं आपलं. सगळ्या स्टाफसमोर."

रामाजी गडबडले. "श्रीफळ आहे, कालचं पूजेचं. पण शाल... आता सकाळी सकाळी कुठून... संध्याकाळी आणवतो ना!"

"आहे माझ्याकडे."

मी स्टुलावरचा शेला उचलला, झटकला आणि रुपरावजींच्या खांद्यावर घातला. काठाला कुंकवाचा डाग होता, तो आत वळवला. "स्टाफ जमलेलाच आहे," मी म्हणालो. "रुपरावजी, डिसेंबरात राहून गेलेला तुमचा निरोप समारंभ हा. अठ्ठावीस वर्षं तुम्ही ही संस्था सांभाळली. आता घरी जा."

रामाजींनी केबिनमधला नारळ मागवला आणि दोन्ही हातांनी रुपरावजींच्या हातात ठेवला. "चुकलं आमचं, रुपरावजी," ते एवढंच म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खोलीत मावला. टाळ्या कोणी सुरू केल्या माहीत नाही. बाहेर रांगेतली मुलंही वाजवू लागली. पुण्याचा इंजिनीअर तर सगळ्यात जोरात.

रुपरावजींनी शेल्याचा काठ चाचपला. "हा सर्व्हरचा होय ना?"

"हो."

"मंग चांगलाच आहे," ते म्हणाले. टेबलाशी गेले, बसले, डबा उघडून सगळ्यांना एकेक करंजी दिली, आणि मग एका बोटानं लॉग आउट केलं. मी कळ दाबली. यादी स्वच्छ झाली.

मंगळवारी सकाळी दहा वाजता मी गाडी बाहेर काढली. सर्व्हरच्या खोलीतला कूलर रामाजींनी आदल्या संध्याकाळीच परत नेला होता, आणि एसीचं तिसरं कोटेशन त्यांनी मेकॅनिकला समोर बसवून स्वतः लिहून घेतलं होतं. समोरच्या अंगणात दोरीवर शेला वाळत होता. शोभाताई तो सरळ करत होत्या. रुपरावजी बनियनवर, लुंगीत, पाइप धरून मोगऱ्याला पाणी घालत होते. डबा कुठंच दिसत नव्हता.

"काय पांढरीपांडेजी," त्यांनी हाक मारली, "ऑफिसले जाऊन राहिले का?"

"हो. जावं लागतं. विभाग प्रमुख आहे ना!"

"जा, जा," रुपरावजी ऐटीत म्हणाले. "आपली तं बापा सुट्टी आहे."